मोटरहोममधील टॉयलेट आणि मैल्याची टाकी : बिघाड कसा ओळखावा आणि कसा दुरुस्त करावा

अमेरिकेतील मराठी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोन, योसेमिटी किंवा ग्रँड कॅन्यनला जातात, आणि पुष्कळदा भारतातून आलेले आई-वडीलही सोबत असतात. गाडी ताब्यात देताना गॅसची शेगडी, जनरेटर आणि घडीचे पलंग सविस्तर दाखवले जातात. टॉयलेटच्या टाकीचा विषय मात्र बहुधा दोन मिनिटांत उरकला जातो. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडीत वास सुटतो, किंवा डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या ठरलेल्या जागी, व्हॉल्व्ह उघडूनही टाकी रिकामी होत नाही, आणि घरच्या मंडळींसमोर, विशेषतः वडीलधाऱ्यांसमोर, मोठी पंचाईत होते. ही यंत्रणा मुळात साधी आहे. तिच्यातील बहुतेक बिघाडांच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात : टाकीत पाणी कमी पडणे आणि टाकीचा व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडा राहणे. हे लक्षात ठेवून तपासणी केली, तर अनेक अडचणी मेकॅनिकला न बोलावता सुटतात.

रचना

अमेरिकन मोटरहोममध्ये चांगल्या पाण्याच्या टाकीखेरीज आणखी दोन टाक्या असतात. सिंक आणि शॉवरचे सांडपाणी ग्रे टँकमध्ये जाते, तर टॉयलेटचा मैला ब्लॅक टँकमध्ये. टॉयलेट बहुतेक गाड्यांत ब्लॅक टँकच्या थेट वर बसवलेले असते. पायाने पेडल दाबले की बाऊलच्या तळाची झडप उघडते आणि मैला सरळ खाली पडतो. येथे घरच्यासारखा पाण्याचा वळणदार सापळा (ट्रॅप) नसतो. टाकीतील वायू वर येऊ नये म्हणून झडपेभोवती रबरी सील असते आणि तिच्यावर बाऊलमध्ये थोडे पाणी साचून राहते. टाकीतील वायू बाहेर सोडण्यासाठी एक व्हेंट पाइप छपरापर्यंत जातो. गाडीच्या बाहेरच्या बाजूला दोन्ही टाक्यांचे सरकते व्हॉल्व्ह असतात. ब्लॅक टँकचा पाइप सामान्यतः ३ इंचांचा, तर ग्रे टँकचा बहुधा दीड इंचाचा असतो. ब्लॅक टँक ३० गॅलनचा असेल, तर त्यात सुमारे ११४ लिटर मावतात आणि भरल्यावर त्याचे वजन ११० किलोंच्या वर जाते.

वास येत असल्यास

वास या एका तक्रारीची कारणे अनेक असतात, म्हणून आधी तो कोठून आणि केव्हा येतो हे पाहावे. टाकीत रसायन ओतणे हा पहिला उपाय नव्हे.

फक्त पेडल दाबल्यावर वास येत असेल, तर प्रथम बाथरूमच्या छताचा पंखा पाहावा. हा पंखा चालू असताना झडप उघडली, की तो टाकीतील हवाच वर ओढून घेतो. फ्लश करताना पंखा बंद ठेवावा आणि झडप मिटल्यावर तो पुन्हा लावावा. एवढ्या एका सवयीने कित्येक गाड्यांतील तक्रार मिटते. गाडी धावत असतानाच वास येत असेल, तर कारण याच जातीचे असते : उघड्या खिडकीमुळे किंवा छताच्या झरोक्यामुळे आतला हवेचा दाब कमी होतो आणि टाकीतील हवा जिथे फट मिळेल तिथून आत खेचली जाते. अशा वेळी खिडक्या-झरोके बंद करून थोडे अंतर चालवून पाहावे.

पंखा बंद ठेवूनही वास येतच असेल, तर छपरावरील व्हेंट तुंबलेला असू शकतो. पक्ष्यांची किंवा गांधीलमाश्यांची घरटी, पालापाचोळा यांनी तो बंद होतो. छपरावर चढण्यास परवानगी आणि योग्य शिडी असेल, तरच वर जाऊन झाकण काढावे आणि वरून बागेच्या नळीने पाणी सोडावे; ते अडखळल्याशिवाय टाकीत उतरले, तर मार्ग मोकळा आहे असे समजावे. टाकी अर्ध्याहून अधिक भरल्यावरच वास सुरू होतो आणि रिकामी केल्यावर थांबतो, असा नियमितपणा दिसला, तर व्हेंट पाइप आपल्या जागेवरून घसरून टाकीत खोल उतरला असावा, अशी शंका घ्यावी. पातळी पाइपाच्या टोकापर्यंत आली, की वायूला वर जायला वाट उरत नाही. हा दोष वर्कशॉपमध्येच दुरुस्त करून घ्यावा.

वास सिंक किंवा शॉवरपाशी येत असेल, तर त्याचा संबंध ग्रे टँकशी आहे. गाडी काही आठवडे उभी राहिली, की शॉवरखालच्या ट्रॅपमधील पाणी वाळते. प्रत्येक मोरीत दोन-तीन कप पाणी ओतले की ट्रॅप पुन्हा भरतो. त्यानेही फरक पडला नाही, तर सिंकखालच्या कपाटात पाइपाच्या टोकावर बसवलेली प्लास्टिकची छोटी टोपी शोधावी. ती एकमार्गी हवाझडप असते, म्हणजे हवा पाइपात घेते पण बाहेर सोडत नाही. आतील रबर कडक झाले, की ती दोन्ही दिशांनी उघडी राहते. ही टोपी महाग नसते आणि सामान्यतः हातानेच फिरवून बदलता येते.

या सर्व कारणांचा निकाल लागल्यावरच रसायनाचा विचार करावा. एन्झाइम किंवा जीवाणूंवर आधारित द्रव निवडावा. फॉर्माल्डिहाइडयुक्त द्रव वास दाबतात, परंतु मैला पुढे सेप्टिक टाकीत गेल्यास तिच्यातील उपयुक्त जीवाणूंनाही मारतात. कॅलिफोर्नियात अशा टँक-रसायनांची विक्री कायद्यानेच बंद आहे. ब्लीच टाकीत कधीही ओतू नये. मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घातक वायू तयार होतात, शिवाय रबरी सीलही खराब होतात.

बाऊलमध्ये पाणी टिकत नाही

रात्री बाऊलमध्ये राहिलेले पाणी सकाळी नाहीसे झालेले असेल, तर सील गळत आहे आणि वासही तेथूनच येत आहे. सील बदलण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा ते फक्त मळलेले असते. गाडीचा पाण्याचा पंप बंद करावा, हातमोजे घालावेत, एकाने पेडल दाबून झडप उघडी धरावी आणि दुसऱ्याने टॉर्चच्या उजेडात कडेच्या खाचेत पाहावे. झडप मिटताना तिची कड ज्या अरुंद खाचेत सरकते, तिथे टॉयलेट पेपरचा भिजून लगदा झालेला तुकडा किंवा क्षारांचा पांढरा थर बसलेला आढळतो. निरुपयोगी टूथब्रश वाकडा धरून ही खाच पूर्ण गोलाकार घासावी. दिसणारा भाग स्वच्छ झाला म्हणून थांबू नये, कारण अडलेला कण बहुधा झडप ज्या बाजूला आत शिरते त्या बाजूलाच, म्हणजे डोळ्यांआड असतो. क्षार जात नसतील, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेली कापडाची पट्टी काही वेळ खाचेत दाबून ठेवावी. शेवटी सीलवर सिलिकॉनचे वंगण बोटाने पातळ लावावे. व्हॅसलिनसारखी पेट्रोलियम जेली वापरू नये. तिने रबर फुगते आणि लवकर निकामी होते.

एवढे करूनही पाणी उतरत असेल, तर सील बदलावे. टॉयलेटवरील मॉडेलच्या लेबलचा फोटो काढून दुकानात दाखवावा, कारण थेटफर्ड आणि डोमेटिक या दोन प्रमुख कंपन्यांचेच कित्येक प्रकार आहेत आणि एकाचे सील दुसऱ्याला बसत नाही.

याउलट पेडल दाबूनही पाणी येत नसेल, तर आधी सिंकचा नळ सोडून पाहावा. तिथेही पाणी नसेल, तर दोष पंपात, फ्यूजमध्ये किंवा रिकाम्या टाकीत आहे. टॉयलेट खोलण्याचे कारण नाही. टॉयलेटच्या मागे जमिनीवर पाणी दिसले, तर कोरडा टिश्यू पेपर घेऊन वरून खालपर्यंत प्रत्येक जोडाला टेकवत जावे. पहिल्यांदा जिथे तो ओला होतो, तिथे गळती आहे. मागच्या बाजूची पाण्याची झडप हिवाळ्यात गोठून तडकलेली असणे हे नेहमीचे कारण आहे. पाणी केवळ फ्लशनंतर बुडाशी येत असेल, तर टॉयलेट आणि जमिनीवरील कडे यांमधील सील गेलेले असते. बुडाचे दोन नट आधी जरासे आवळून पाहावेत, मात्र जोर लावू नये, कारण बूड प्लास्टिकचे किंवा चिनी मातीचे असते आणि तडकते.

टाकी रिकामी होत नाही

हा सर्वांत त्रासदायक बिघाड, आणि तो जवळजवळ नेहमीच आपल्या वापरातून निर्माण होतो. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज आरव्ही (मोटरहोमसारख्या गाड्यांचे) पार्क किंवा ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरील ट्रेलर व्हिलेज यांसारख्या ठिकाणी गाडीच्या जागेवरच सांडपाण्याची जोडणी मिळते. सांडपाण्याची नळी (होज) जोडली, की ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा, म्हणजे घरच्यासारखे सगळे आपोआप वाहून जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात द्रव तेवढा वाहून जातो. घन मैला आणि कागद टॉयलेटच्या बरोबर खाली साचतात, वाळतात आणि त्यांचा टणक ढीग होतो. म्हणून जोडणी असली, तरी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवावा आणि टाकी किमान दोन-तृतीयांश भरल्यावर तो एकदम उघडावा. रिकाम्या टाकीत वापरापूर्वी तळ झाकेल एवढे, म्हणजे साधारण दोन-तीन गॅलन पाणी अवश्य सोडावे.

योसेमिटीमध्ये उलटी परिस्थिती असते. तिथल्या कॅम्पग्राउंडमध्ये गाडीला पाण्याची किंवा सांडपाण्याची जोडणी मिळत नाही, त्यामुळे सगळे पाणी जपून वापरतात, आणि काटकसर करताना पहिला घाला फ्लशवर घालतात. काटकसर आंघोळीत आणि भांडी घासताना करावी. टॉयलेटमध्ये करू नये. आपल्याकडची पाण्याने स्वच्छ होण्याची पद्धत येथे खरोखर उपयोगाची आहे, कारण तीत टाकीत कागद कमी आणि पाणी जास्त जाते. ज्येष्ठांना तांब्या किंवा छोटा हँड शॉवर मोकळेपणाने वापरू द्यावा. टाकी एखादा दिवस आधी भरेल, पण तुंबणार नाही. ओले वाइप्स मात्र पाकिटावर काहीही लिहिलेले असले तरी टाकीत टाकू नयेत. कागद योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी झाकणाच्या बरणीत पाणी घेऊन त्याचे दोन तुकडे टाकावेत आणि बरणी हलवावी. थोड्या वेळात त्यांचा चोथा झाला, तर तो कागद चालेल.

तुंबा झालाच, तर तो कोठे आहे हे प्रथम ठरवावे. झडप उघडून टॉर्चने खाली पाहावे. अगदी जवळ ढीग दिसला, तर अडथळा टॉयलेटखाली आहे. खाली द्रव मोकळा दिसतो, परंतु बाहेरचा व्हॉल्व्ह उघडल्यावर जेमतेम धार येते, तर अडथळा टाकीच्या तोंडाशी आहे. पाहताना सिगारेट, काडेपेटी किंवा कोणतीही ज्योत जवळ नको. टाकीतील वायूत मिथेन असतो. चेहराही बाऊलच्या अगदी वर नेऊ नये.

टॉयलेटखालचा ढीग मोडण्यासाठी बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून टाकीत पाणी सोडावे, एन्झाइमचा द्रव नेहमीपेक्षा अधिक घालावा आणि निदान एक रात्र जाऊ द्यावी. जुना ढीग असेल, तर दोन-तीन दिवसही लागतात. पाणी गरम असले तर चांगले, परंतु उकळते नको, कारण प्लास्टिकचे पाइप आणि जोड त्याने मऊ पडून वाकू शकतात. त्यानंतर गाडी काही मैल चालवावी. वळणे, चढ-उतार आणि ब्रेक यांनी टाकीतील पाणी हिंदकळते आणि जे काम काठीने होत नाही, ते त्याने होते. डंप स्टेशनवर टाकी सोडून पुन्हा भरावी आणि हा क्रम बाहेर येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत चालू ठेवावा. ढीग फारच टणक असेल, तर लांब दांड्याची, टोकाला फवारा असलेली टँक वाँड मिळते. ती बाऊलमधून उतरवून वर-खाली फिरवताना बाहेर नळापाशी एक माणूस उभा असावा, म्हणजे हाक मारताच पाणी बंद करता येईल.

तोंडाशी असलेल्या अडथळ्यासाठी गाडीच्या आउटलेटवर बसणारे, उलट्या दिशेने पाणी सोडणारे जोड मिळतात. ते वापरताना टाकीत जागा शिल्लक आहे याची खात्री करावी आणि एकाने आत टॉयलेटपाशी उभे राहून पातळीवर सतत लक्ष ठेवावे. गाडीत टाकी धुण्याचा अंगचा फवारा असेल, तर त्यालाही हाच नियम लागू आहे : व्हॉल्व्ह बंद ठेवून तो चालू सोडला आणि लक्ष गेले, तर टाकी पूर्ण भरून मैला टॉयलेटमधून वर येतो, किंवा टाकी फुटते. सिंक मोकळे करण्यासाठी घरी वापरतात ते तीव्र ड्रेन क्लीनर आणि टोकदार तारा दोन्ही वर्ज्य समजावीत.

व्हॉल्व्हचा दांडा घट्ट झाला असेल, तर त्याला सिलिकॉन वंगण लावून हलक्या हाताने अनेकदा आत-बाहेर करावे. दांडा अजिबात विरोध न करता सैल हलत असेल, तर आतील पाते सुटले आहे किंवा केबल तुटली आहे. व्हॉल्व्ह बंद असूनही बाहेरचे झाकण काढताच पाणी ठिबकत असेल, तर पात्याच्या मार्गात कागद अडकला आहे. टाकी भरून ती एका झोताने सोडल्यास तो बहुधा निघून जातो. झाकण काढण्याआधी खाली बादली ठेवण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. तात्पुरता उपाय म्हणून आउटलेटवर फिरवून बसवायचा दुसरा व्हॉल्व्ह मिळतो आणि तो गाडी घरी पोहोचेपर्यंत चोख काम देतो.

टाकी सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम ब्लॅक टँक, नंतर ग्रे टँक, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघते. होजच्या सुरुवातीला पारदर्शक कोपरजोड लावावा. सुरुवातीचा गडद, जाड प्रवाह हळूहळू पातळ होत करड्या पाण्यावर येतो हे त्यातून दिसते, आणि कागदाचे तुकडे थांबून-थांबून येत असतील, तर टाकी अजून धुण्याची गरज आहे हेही कळते. डंप स्टेशनवरील धुण्याच्या नळाचे पाणी पिण्यायोग्य समजू नये आणि पिण्याच्या पाण्याची नळी त्या नळाला कधीही लावू नये.

सेन्सर खोटी पातळी दाखवतो

नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीचा दिवा दोन-तृतीयांश किंवा पूर्ण भरल्याचे दाखवत असेल, तर टाकीच्या भिंतीत बसवलेल्या धातूच्या खुंट्यांना कागद किंवा मळ चिकटलेला असतो. टाकी पाऊणभर पाण्याने भरून त्यात भांडी घासण्याचा थोडा साबण घालावा, एक दिवस प्रवास करावा आणि मग ती सोडावी. तरीही दिवा तसाच राहिला, तर त्याच्यावर विसंबू नये, टॉर्चने पाहावे. टाकीच्या बाहेरून चिकटवायचे सेन्सर अधिक खात्रीचे असतात, पण स्वतःच्या गाडीलाच तो खर्च करावा.

आपला स्वयंपाक आणि ग्रे टँक

ब्लॅक टँकची काळजी घेणारे अनेकजण ग्रे टँककडे दुर्लक्ष करतात, आणि मराठी स्वयंपाकघराचा खरा भार याच टाकीवर पडतो. फोडणीचे तेल, तूप, डाळ-भाताचा खरकटा अंश, कढीपत्त्याची पाने, चहाचा चोथा हे सारे दीड इंचाच्या पाइपात जाते. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते, तूपही थंडीत घट्ट होते, आणि डोंगराळ भागातील रात्री याहून खूप थंड असतात. त्यामुळे पाइपाच्या आतून चिकट थर जमतो आणि त्यात अन्नकण कुजून ब्लॅक टँकपेक्षाही वाईट वास येतो. कढई आणि ताटे धुण्यापूर्वी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकावा, सिंकवर बारीक जाळी ठेवावी आणि चोथा कधीही मोरीत सोडू नये. थर जमलाच असेल, तर गरम पाणी आणि भांड्यांचा साबण टाकीत घालून एक दिवस प्रवास करावा आणि मग ती रिकामी करावी.

कॅसेट टॉयलेट

युरोपात, तसेच ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील अनेक छोट्या कॅम्परव्हॅनमध्ये ब्लॅक टँकऐवजी बाहेरच्या दारातून ओढून काढायची कॅसेट असते. ती साधारण १७ ते २० लिटरची असल्याने पाण्याचा मुक्त वापर येथे परवडत नाही आणि चौघांच्या कुटुंबाला ती जवळपास रोज रिकामी करावी लागते. कॅसेट बाहेर येत नसेल, तर ओढाताण करू नये; बाऊलची झडप पूर्ण मिटलेली नसली, की ती अडकून राहते. ओतताना हवेचे बटण दाबून धरावे, म्हणजे मैला उसळत नाही. झडपेच्या गोल सीलची निगा वर सांगितल्याप्रमाणेच घ्यावी.

थंडी आणि दुरुस्तीसाठी बोलावणे

तापमान शून्याखाली जाणार असेल, तर बाहेरची होज काढून ठेवावी आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत, कारण होजमध्ये साचलेले पाणी प्रथम गोठते. गोठलेल्या व्हॉल्व्हचा दांडा जोराने ओढू नये; पाते मोडते. टाकीला हीटर असेल तर तो लावून, नसेल तर दिवस चढण्याची वाट पाहून मगच प्रयत्न करावा. हिवाळाभर गाडी उभी ठेवायची असल्यास टाक्या रिकाम्या करून ट्रॅप आणि बाऊल यांत आरव्हीसाठी मिळणारे गुलाबी अँटिफ्रीझ घालावे. मोटारीच्या इंजिनचे हिरवे कूलंट विषारी असते. ते या कामासाठी कदापि वापरू नये.

टाकीला तडा गेला असेल, टॉयलेटभोवतीची जमीन दाबल्यावर मऊ लागत असेल किंवा दोन-तीन दिवस भिजवूनही तुंबा हलत नसेल, तर वर्कशॉप गाठावे. गाडी भाड्याची असल्यास काहीही खोलण्यापूर्वी मालक कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण परवानगीशिवाय केलेल्या दुरुस्तीचा खर्च ग्राहकावर येऊ शकतो. फोन करताना टॉयलेटचे मॉडेल, दोन्ही व्हॉल्व्हची स्थिती, टाकी शेवटची केव्हा रिकामी केली आणि त्यानंतर कोणते रसायन घातले, एवढी माहिती हाताशी ठेवावी. मेकॅनिक सर्वप्रथम हेच विचारतो, आणि नीट उत्तरे मिळाली तर तो योग्य सील किंवा व्हॉल्व्ह सोबत घेऊनच येतो.